प्रोसेस एक्सप्लोरर: इन्स्टॉल करायच्या आधी नक्की काय बंद करायचं ते दाखवणारं टूल

नवीन सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की बरेच इन्स्टॉलर सुरुवातीलाच सांगतात, पुढे जायच्या आधी बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करा. एवढं बोलून गप्प. सगळे म्हणजे कुठले, समोर दिसतात तेवढेच की खाली घड्याळाजवळ बसलेलेही, आणि जे कुठेच दिसत नाहीत त्यांचं काय, हे कुणी सांगत नाही. मग लोक एकतर नेक्स्ट नेक्स्ट दाबत सुटतात नाहीतर टास्क मॅनेजर उघडून दिसेल त्याला एंड टास्क मारतात, आणि दोन्हीत कधी ना कधी फटका बसतोच. विंडोजवर या प्रश्नाचं नीट उत्तर देणारं एक फुकट टूल आहे, प्रोसेस एक्सप्लोरर, आणि ते अजूनही फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून हा रिव्ह्यू. मी ते बरीच वर्षं वापरतेय, स्वतःच्या मशीनवर, घरच्यांच्या मशीनवर, ऑफिसातही, आणि माझं मत एकदम साफ झालंय: सगळं बंद करायची गरज जवळजवळ कधीच नसते. ज्या प्रोग्रॅमने ती फाइल धरून ठेवलीय तेवढाच शोधायचा आणि तोही नीट, त्याच्या पद्धतीने बंद करायचा.

टूलची ओळख थोडक्यात. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये सिसइंटर्नल्स सुरू केलं, विंडोजच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारी छोटी छोटी टूल्स ते फुकट देत होते, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि तेव्हापासून ही सगळी टूल्स मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतात, अजूनही फुकट, अजूनही अपडेट होतात. प्रोसेस एक्सप्लोरर त्यातलंच. एक छोटी झिप फाइल, उघडायची, आतली फाइल चालवायची, बस. ते इन्स्टॉल करावं लागत नाही आणि या कामासाठी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण इन्स्टॉलच अडलेलं असताना ते सोडवायला अजून एक इन्स्टॉल करावं लागलं तर काय उपयोग. पेनड्राइव्हवर टाकून कुठेही नेता येतं. फक्त डाउनलोड मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच करा, दुसऱ्या कुठल्या फ्री डाउनलोडवाल्या साइटवरून नको.

आता मुळात बंद का करायचं हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम चालू असला की त्याची ईएक्सई फाइल (म्हणजे मूळ प्रोग्रॅमची फाइल) आणि त्याने वापरायला घेतलेल्या डीएलएल फाइल्स (प्रोग्रॅमला लागणाऱ्या कोडच्या वेगळ्या ठेवलेल्या फाइल्स) लॉक होतात, त्यांच्यावर नवीन फाइल लिहिता येत नाही, डिलीटही करता येत नाही. इन्स्टॉलरला नेमकं तेच करायचं असतं, जुन्या डीएलएलच्या जागी नवीन ठेवायची असते. मग तो काय करतो, नवीन फाइल बाजूला ठेवतो आणि विंडोजला चिठ्ठी लिहून ठेवतो की पुढच्या रीस्टार्टला ही अदलाबदल कर. ही चिठ्ठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, सेशन मॅनेजरखाली पेंडिंग फाइल रीनेम ऑपरेशन्स नावाने लिहिलेली असते, कुणालाही बघता येते. म्हणून ते इन्स्टॉल झाल्यावर रीस्टार्ट मागतात, ते उगाच नसतं. आणि आपण नंतर करू म्हणून तसंच काम चालू ठेवलं तर काही फाइल्स नव्या आणि काही जुन्या अशा अवस्थेत तो प्रोग्रॅम चालतो, मग विचित्र एरर येतात आणि लोक म्हणतात नवीन व्हर्जनच खराब आहे. लिनक्सवर हा त्रास बराच कमी, तिथे चालू प्रोग्रॅमची फाइल काढून त्याच नावाने नवीन ठेवता येते, जुनी फाइल ज्याने उघडलीय त्याच्यापुरती ती जिवंत राहते आणि त्याने सोडली की जाते. विंडोजची पद्धत वेगळी आहे त्यामुळे इथे हे बघावंच लागतं.

सगळं बंद करा हा सल्ला आला कुठून तेही सांगते, कारण तो तेव्हा खरंच बरोबर होता. विंडोज ९५ ला कमीत कमी ४ एमबी रॅम लागायची, हो एमबीच, तेव्हा चार प्रोग्रॅम उघडे असताना इन्स्टॉलरला जागाच उरायची नाही. आणि त्या काळात कुठलाही इन्स्टॉलर सिस्टीमच्या फोल्डरमधल्या सगळ्यांनी मिळून वापरायच्या डीएलएलवर आपली डीएलएल टाकून मोकळा व्हायचा, एकाचं इन्स्टॉल दुसऱ्याला मोडायचं. तेव्हा कंट्रोल ऑल्ट डिलीट दाबलं की एक छोटी यादी यायची आणि जाणकार सांगायचे, एक्सप्लोरर (विंडोजचा डेस्कटॉप आणि फाइल्स दाखवणारा, प्रोसेस एक्सप्लोरर नव्हे) आणि सिसट्रे हे दोन ठेव, बाकी एकेक करून सगळे उडव. चालायचं ते. पुढे विंडोज २००० मध्ये सिस्टीम फाइल्सचं संरक्षण आलं, एक्सपीपासून एकाच डीएलएलची वेगवेगळी व्हर्जन शेजारी शेजारी ठेवायची सोय आली, व्हिस्टापासून रीस्टार्ट मॅनेजर आला जो इन्स्टॉलरला स्वतःच सांगतो की अमुक फाइल तमुक प्रोग्रॅमने धरलीय. म्हणजे सल्ल्यामागची कारणं बरीचशी गेली, सल्ला मात्र तसाच राहिला. आज कुणी त्या जुन्या पद्धतीने दोनच ठेवून बाकी उडवायला गेलं तर विंडोजच बंद पडेल, कारण आज काहीही न उघडता नुसतं चालू केलेल्या मशीनवर शंभरच्या आसपास प्रोसेस, म्हणजे चालू असलेले छोटे मोठे प्रोग्रॅम, सहज असतात.

आता टूलचं मुख्य काम, ज्यासाठी मी याला पैकीच्या पैकी मार्क देते, ते म्हणजे शोध. प्रोसेस एक्सप्लोरर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने उघडायचं, हे विसरायचं नाही, नाहीतर दुसऱ्या युजरच्या आणि सिस्टीमच्या प्रोसेसच्या आतलं काही दिसत नाही आणि आपल्याला वाटतं फाइल कुणीच धरलेली नाही. मग फाइंड मेनूतून हँडल (प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइलला विंडोजने दिलेला नंबर) किंवा डीएलएल शोधायची खिडकी उघडायची, त्यात फाइलच्या नावाचा किंवा फोल्डरच्या नावाचा तुकडा टाकायचा, पूर्ण पाथ लागत नाही. थोडं थांबलं की यादी येते: कुठली प्रोसेस, तिचा नंबर काय, तिने ती फाइल नुसती उघडलीय का डीएलएल म्हणून पोटात घेतलीय. त्या ओळीवर क्लिक केलं की मागे मुख्य खिडकीत तीच प्रोसेस आणि खाली तीच फाइल निवडून समोर येते. संपलं. अंदाज नाही, दिसेल त्याला मारत सुटणं नाही, उत्तर समोर.

आणि उत्तर बऱ्याचदा असं निघतं की आपण कधी विचारही केला नसता. सेव्हन झिप अपडेट करताना रीस्टार्ट मागतं हे खूप जणांनी पाहिलं असेल, सेव्हन झिप तर उघडलेलंच नसतं. शोध मारला की कळतं की त्याची डीएलएल एक्सप्लोररने धरलीय, आपला तो नेहमीचा फाइल एक्सप्लोरर, कारण राइट क्लिकच्या मेनूत सेव्हन झिपच्या ओळी दाखवायला ती डीएलएल त्यालाच लागते. आता इथे कुणी पंचवीस प्रोग्रॅम बंद केले असते तरी काही फरक पडला नसता. असंच टायपिंगच्या कीबोर्ड टूल्सचं, आयएमई म्हणतात ते. त्याची डीएलएल तुम्ही ज्या ज्या प्रोग्रॅममध्ये टाइप करता त्या प्रत्येकात लोड होते, ब्राउझर, वर्ड, नोटपॅड, सगळीकडे, म्हणून तसलं काही अपडेट करताना सरळ रीस्टार्टच करावा लागतो आणि तिथे शोधाची यादीच इतकी लांब येते की बघूनच समजतं, हे एकेक करून बंद करण्यात अर्थ नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर असला तर तो प्रिंट स्पूलरने (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) धरलेला असतो, तिथे प्रोसेस मारायची नाही, सर्व्हिसेसमध्ये (मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची विंडोजची यादी) जाऊन स्पूलर थांबवायचा, ड्रायव्हर टाकायचा, परत सुरू करायचा. अँड्रॉइडवर डेव्हलपमेंट करणाऱ्यांना एडीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनशी बोलणारं टूल, माहीत असेलच, त्याचा सर्व्हर मागे गुपचूप चालू राहतो आणि एसडीके (अ‍ॅप बनवायच्या टूल्सचा संच) अपडेट अडतं, त्याला त्याचीच किल सर्व्हर कमांड दिली की लगेच सुटतं. प्रत्येकाचं बंद करायचं दार वेगळं आहे, आणि कुठल्या दाराशी जायचं हे आधी कळणं हाच या टूलचा खरा फायदा.

अजून एक सोय मला फार आवडते, टूलबारवर एक निशाण्यासारखं चिन्ह आहे, ते माउसने ओढून कुठल्याही खिडकीवर सोडलं की ती खिडकी कुठल्या प्रोसेसची आहे ते कळतं. कधी कधी इन्स्टॉल चालू असताना मध्येच एक बिननावाचा मेसेज बॉक्स येतो, अमुक बंद करा, रीट्राय, कॅन्सल, आणि कळत नाही हा इन्स्टॉलरचा आहे का दुसऱ्याच कुणाचा. निशाणा त्यावर ठेवला की उलगडा.

रंगांबद्दल सांगायलाच हवं, कारण पहिल्यांदा उघडल्यावर लोक रंग बघूनच घाबरतात. गुलाबी म्हणजे सर्व्हिस, निळसर म्हणजे तुमच्या स्वतःच्या युजरखाली चालणारी प्रोसेस, गडद राखाडी म्हणजे थांबवून ठेवलेली, नवीन सुरू झालेली हिरवी आणि बंद होणारी लाल. आपल्याला बंद करायच्या गोष्टी बहुतेक निळसरमध्ये असतात, गुलाबीला हात लावायच्या आधी दोनदा विचार करायचा. हिरवा आणि लाल यांचा उपयोग मात्र जबरदस्त आहे. काही अपडेटर असे असतात की तुम्ही त्यांना मारता आणि ते परत उठतात, टास्क मॅनेजरमध्ये यादी तशीच दिसते म्हणून आपल्याला वाटतं बंदच झालं नाही. इथे डोळ्यांसमोर दिसतं, एक ओळ लाल होऊन गेली आणि लगेच त्याच नावाची दुसरी हिरवी आली, नंबर नवीन. म्हणजे कुणीतरी तिला परत उठवतंय. आणि यादी झाडासारखी असल्यामुळे ती कुणाच्या पोटी आली तेही दिसतं, बहुतेक वेळा सर्व्हिसेसच्या खाली असते, मग समजून जायचं की ही सर्व्हिस आहे आणि हिला सर्व्हिसेसमधूनच थांबवायचं. सुरुवातीला हे रंग सेकंदभरच दिसतात, ऑप्शन्समध्ये जाऊन तो वेळ वाढवून घ्या, खूप फरक पडतो.

बंद करण्याबद्दल माझं ठाम मत आहे आणि ते मी सगळ्यांना सांगत असते. किल हा शेवटचा उपाय. किल केलं की प्रोग्रॅमला काही सांगायची, सेव्ह करायची, आपल्या तात्पुरत्या फाइल्स आवरायची संधीच मिळत नाही, जिथे होता तिथे संपतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमधला एंड टास्कही हेच करतो. म्हणून आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या एक्झिटने किंवा क्विटने बंद करायचं. हल्ली कोपऱ्यातलं फुली दाबलं की कितीतरी प्रोग्रॅम बंद होतच नाहीत, खाली ट्रेमध्ये जाऊन बसतात, चॅटची अ‍ॅप्स, गेमची लाँचर, सगळी तशीच. ट्रेमधल्या बाणावर क्लिक करून लपलेले आयकॉन बघायचे, राइट क्लिक, एक्झिट. क्रोममध्ये तर एक सेटिंगच आहे, ब्राउझर बंद केला तरी बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवा असं, एजमध्ये स्टार्टअप बूस्ट आहे, ते चालू असलं की खिडकी एकही नसताना प्रोसेस दिसत राहतात आणि ते काही व्हायरस वगैरे नसतं. वनड्राइव्हसारखी सिंकवाली अ‍ॅप्स बंद करण्यापेक्षा पॉज करा, वनड्राइव्हमध्ये २, ८ किंवा २४ तासांचा पॉज मिळतो. इन्स्टॉलर सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये काही लिहित असेल तर सिंक त्याच क्षणी ती फाइल उचलायला धावतं आणि दोघांची ओढाताण होते, तेवढी टळली की पुरे.

एवढं करूनही एखादा ऐकत नसला, हँग झाला असला, तर मग किल. त्यातही प्रोसेस एक्सप्लोररमध्ये किल प्रोसेस ट्री आहे, म्हणजे ती प्रोसेस आणि तिने सुरू केलेल्या सगळ्या पोरांसकट जातं. ब्राउझरसारख्या डझनभर प्रोसेसवाल्या प्रोग्रॅमसाठी हे चांगलं, पण आधी झाड नीट बघा, कारण कमांड प्रॉम्प्टवरून तुम्ही काही सुरू केलं असेल आणि तिथून ट्री मारली तर तेही जाईल.

काय मारायचं नाही तेही सांगते. सीएसआरएसएस, विनइनिट, विनलॉगऑन, एलसॅस, सर्व्हिसेस, एसएमएसएस, ही नावं दिसली की पुढे जायचं. सीएसआरएसएस मारली की सरळ निळी स्क्रीन. एसव्हीसीहोस्ट नावाच्या खूप ओळी दिसतात आणि नवीन माणसाला वाटतं एवढ्या कशाला, पण त्या प्रत्येकात विंडोजच्या सर्व्हिसेस चालतात, विंडोज १० च्या २०१७ मधल्या एका अपडेटनंतर पुरेशी रॅम असलेल्या मशीनवर त्या वेगवेगळ्या केल्या गेल्या म्हणून संख्या वाढली, बिघाड नाही तो. ओळीवर माउस नेला की आत कुठली सर्व्हिस आहे ते प्रोसेस एक्सप्लोरर लगेच दाखवतं. एक्सप्लोरर डॉट ईएक्सई मात्र मारता येतो, टास्कबार आणि डेस्कटॉप गायब होतो, घाबरायचं नाही, टास्क मॅनेजर उघडून रन न्यू टास्कमध्ये एक्सप्लोरर लिहिलं की परत येतो. वरच्या सेव्हन झिपच्या केसमध्ये टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर नुसता रीस्टार्ट केला तर पूर्ण मशीन रीस्टार्ट करणं बऱ्याचदा वाचतं.

आणि एक धोक्याचं बटण आहे याच टूलमध्ये, क्लोज हँडल. शोध घेतला, फाइल कुणी धरलीय ते कळलं, आणि समोरच पर्याय दिसतो की प्रोग्रॅम बंद न करता फक्त ती फाइल त्याच्या हातातून काढून घ्या. नका करू. त्या प्रोग्रॅमला माहीतच नसतं की आपल्या हातून फाइल गेली, त्याच नंबरचं हँडल विंडोज पुढच्या क्षणी दुसऱ्या कुठल्या फाइलला देऊ शकतं आणि मग तो प्रोग्रॅम जुनी समजून दुसऱ्याच फाइलमध्ये लिहितो. डेटा खराब व्हायचा हा अगदी सरळ रस्ता आहे. टूल इशारा देतं खरं, पण मला वाटतं हा पर्याय इतका सहज हाताशी नकोच होता.

अँटीव्हायरसचा विषय काढायलाच लागतो. बऱ्याच इन्स्टॉलरच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं, अँटीव्हायरस बंद करा आणि मग चालवा. यामागे एक खरं कारण आहे, अँटीव्हायरस प्रत्येक नवीन फाइल लिहिली की ती उघडून तपासतो, तेवढा वेळ ती फाइल अडकते आणि घाईतल्या इन्स्टॉलरला वाटतं लिहिताच येत नाही. पण नेमकं अनोळखी सॉफ्टवेअर टाकतानाच पहारा काढून ठेवायचा हे मला कधीच पटलेलं नाही. ज्याचा स्रोत पक्का माहीत आहे, मूळ कंपनीच्या साइटवरून घेतलंय, डिजिटल सही बरोबर आहे, आणि तरी अडतंय, तरच तेवढ्यापुरतं थांबवा आणि इंटरनेट बंद ठेवा. क्रॅक केलेलं काहीतरी सांगत असेल की आधी अँटीव्हायरस काढा, तर तिथेच थांबा. आणि अँटीव्हायरस प्रोसेस एक्सप्लोररमधून मारायचा प्रयत्न करू नका, विंडोज ८.१ पासून त्या प्रोसेसना खास संरक्षण मिळू शकतं, अ‍ॅडमिन असलात तरी अ‍ॅक्सेस डिनाइड येतं आणि तसंच यायला हवं. याच टूलमध्ये सही तपासायचा पर्याय आहे आणि व्हायरसटोटलचा (बऱ्याच अँटीव्हायरसकडून फाइल तपासून देणारी साइट) कॉलमही आहे, तो चालू केला की प्रत्येक प्रोसेसच्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठसा, व्हायरसटोटलला विचारला जातो आणि किती इंजिनांनी धोका म्हटलंय ते समोर येतं. फाइल जात नाही, फक्त हॅश, अनोळखी फाइल पाठवायचा पर्याय वेगळा आहे आणि तो आपल्या हातात आहे. बॅकग्राउंडला काय चालू आहे ते बघायला बसलोच आहोत तर हे जाता जाता बघून घ्यावं, कधी कधी बंद करायला नाही तर काढूनच टाकायला हवं असं काही सापडतं.

मग टास्क मॅनेजर पुरत नाही का? रोजच्यासाठी पुरतो, आणि विंडोज ८ पासून खूप सुधारलाय, स्टार्टअप टॅब तर सगळ्यांनी महिन्या दोन महिन्यांनी बघावाच, जे मशीनबरोबर सुरूच झालं नाही ते इन्स्टॉलच्या वेळी बंद करावं लागत नाही. पण अमुक फाइल कुणी धरलीय हा प्रश्न त्याला विचारताच येत नाही. रिसोर्स मॉनिटरला विचारता येतो, सीपीयूच्या टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्समध्ये शोधायची जागा आहे, विंडोजमध्ये आधीपासून असतो त्यामुळे ऑफिसच्या लॉक केलेल्या मशीनवर जिथे बाहेरचं काही चालवता येत नाही तिथे मी तोच वापरते. काम होतं, पण झाड नाही, रंग नाहीत, त्यामुळे पुढे काय करायचं ते तिथून कळत नाही.

चांगले इन्स्टॉलर तर हे काम स्वतःच करतात, ऑफिसचा इन्स्टॉलर नावानिशी यादी देतो की हे हे बंद करा, इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवायच्या टूलने बनवलेले इन्स्टॉलर विचारतात की आपोआप बंद करू का तसंच ठेवू. तिथे आपोआप बंद करू दे म्हणा, पण आधी स्वतःचं काम सेव्ह करून घ्या. एका प्रिंटर कंपनीचा इन्स्टॉलर मात्र मी असा पाहिलाय की फाइल अडली तर नुसतं इन्स्टॉल फेल झालं एवढंच म्हणतो, कुठली फाइल, कुणी धरली, काही नाही. अशा इन्स्टॉलरमुळेच हे टूल ठेवावं लागतं.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये खटकणाऱ्या गोष्टी आहेत. सगळं इंग्रजीत, मराठी सोडा इतर कुठल्याही भाषेत नाही, आणि शब्दही जाणकारांचे, हँडल म्हणजे काय हे सांगायचे कष्ट कुठेच घेतलेले नाहीत. दिसायला जुनं, आयकॉन बारीक, मोठ्या रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर डोळे ताणावे लागतात. पहिल्यांदा उघडणाऱ्याला ती भरगच्च यादी बघून पळून जावंसं वाटणं साहजिक आहे. शोधाची खिडकी ट्रेमधल्या एखाद्या शॉर्टकटवरून थेट उघडली असती तर नव्वद टक्के लोकांना बाकीचं बघायचीही गरज पडली नसती. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे सापडलेल्या प्रोसेसला सभ्यपणे बंद कर, म्हणजे तिला बंद हो असा मेसेज पाठव, हा पर्याय किलच्या शेजारी ठळकपणे हवा होता. खिडकी असलेल्या प्रोसेससाठी विंडोच्या उपमेनूत क्लोज आहे, पण तिथपर्यंत कुणी जात नाही, लोक डिलीट बटण दाबतात आणि किल होतं.

काही एरर अशा आहेत जिथे हे टूल उघडायचीच गरज नाही. १६१८ आली तर दुसरं एखादं इन्स्टॉल आधीच चालू आहे, बऱ्याचदा मागे कुठलंतरी अपडेट चाललेलं असतं. एमएसआयएक्झेक (विंडोजचा इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम) मारायला धावू नका, अर्धवट इन्स्टॉल तुटलं तर दोन्ही बिघडतील, थोडं थांबून परत करा. ३०१० म्हणजे तर एरर नाहीच, इन्स्टॉल झालंय, फक्त रीस्टार्ट बाकी. १६०३ मात्र कशानेही येते, परवानगी नाही, फाइल अडलीय, काहीही, तिथे इन्स्टॉलरचा लॉग काढून बघावा लागतो आणि लॉगमध्ये फाइलचं नाव मिळालं की मग ते नाव घेऊन वर सांगितलेला शोध.

रीस्टार्टबद्दल एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यामुळे शटडाउन करून परत चालू केलं तर विंडोजचा गाभा पूर्ण नव्याने सुरू होत नाही, त्याची जुनी अवस्था डिस्कवरून परत उचलली जाते. मशीन स्वच्छ सुरू व्हायला रीस्टार्टच निवडायचा. मोठं काही टाकायचं असेल, ड्रायव्हर, ऑफिस, डेटाबेस असलं, तर मी आधी रीस्टार्ट करते, म्हणजे मागच्या कुठल्या अपडेटची राहिलेली अदलाबदलही होऊन जाते, लॉगिन झाल्यावर डिस्क शांत होईपर्यंत थांबते आणि मग काहीही न उघडता इन्स्टॉलर चालवते. तरीही अडलं तर क्लीन बूट, म्हणजे बाहेरच्या सर्व्हिसेस न चालवता मशीन सुरू करणं: एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायचं टूल), सर्व्हिसेस टॅब, आधी हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेसवर टिक, मग डिसेबल ऑल. टिकचा क्रम चुकवू नका, नाहीतर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसही बंद होतील. आणि काम झाल्यावर सगळं परत चालू करायचं लक्षात ठेवा, बॅकअपसारखी महत्त्वाची सर्व्हिस तशीच बंद राहून जाते आणि ते खूप उशिरा कळतं.

ज्यांना प्रोसेस एक्सप्लोरर जड वाटतं त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज नावाच्या टूल्सच्या संचात फाइल लॉकस्मिथ आहे. अडलेल्या फाइलवर किंवा फोल्डरवर राइट क्लिक करायचं, कुणी धरलंय त्याची यादी येते, तिथूनच एंड टास्कही करता येतं. सिस्टीमच्या प्रोसेसनी धरलेलं दिसायला त्यालाही अ‍ॅडमिन म्हणून परत उघडावं लागतं, त्याच खिडकीत तसं बटण आहे. आईबाबांच्या मशीनवर मी हल्ली तेच टाकून देते आणि सांगते, यादीत जे नाव येईल ते आधी ट्रेमध्ये शोधून एक्झिट करा, नाव ओळखीचं नसेल तर कशालाही हात न लावता मला फोन करा.